नोटीस बोर्डावरची शंका

कोथरूडला फ्लॅट घेतला तेव्हा माझ्या आईने एकच गोष्ट विचारली होती. "शेजारी कोण आहेत?"

मी म्हटलं, "राहायला गेल्यावर कळेल की."

आई म्हणाली, "तुला कळायच्या आधी त्यांना कळेल."

आम्ही बौद्ध. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, त्यामुळे माझं लहानपण तिथल्या क्वार्टर्समध्ये गेलं. त्याआधीचं घर नागपूरकडचं. क्वार्टर्समध्ये सगळ्यांना सगळ्यांचं माहीत होतं, त्यामुळे विचारण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. विचारणं म्हणजे काय असतं ते मला कोथरूडमध्ये कळलं. आमचं आडनाव असं आहे की त्यावरून काहीच ठरत नाही, चार-पाच जातींत ते सापडतं. लोकांची पंचाईत व्हायची. थेट कोणी विचारत नसे, पुण्यात तसं करत नाहीत. "मूळचे कुठले आपण?" "कुलदैवत कुठलं तुमचं?" "गौरी उभ्या असतात तुमच्याकडे, की खड्यांच्या?" "वास्तुशांत केलीत का? आम्हाला पत्ताच लागला नाही."

वास्तुशांत केली नव्हती. जवळच्या नातेवाइकांना बोलावून वंदना घेतली होती आणि मजल्यावर पेढे वाटले होते. समोरच्या काकूंनी पेढा हातात घेऊन विचारलं, "कसले?"

"घराचे," माझा नवरा म्हणाला.

"हो, पण पूजा कसली होती?"

"घराचीच," तो म्हणाला आणि पुढच्या दारी गेला.

शोकेसमध्ये बुद्धाची मूर्ती होती. पण त्या सुमाराला बुद्धमूर्ती ही लग्नात भेट द्यायची वस्तू झाली होती. समोरच्यांच्या टीव्हीवरही एक होती. म्हणजे तिच्यावरूनही काही सिद्ध होत नव्हतं. दुसरा एक फोटो आम्ही आतल्या खोलीत लावला होता. तो बाहेर लावायचा की आत, यावर आमचा वाद झाला होता आणि तो मी जिंकले होते. त्याचं मला अजूनही बरं वाटत नाही.

एकूण, ते माझ्याकडे संशयाने बघायचे की नाही हे मला सांगता येत नाही, पण मी त्यांच्याकडे नक्की बघायची. जिन्यात कोणी "काय, आज उशीर?" म्हटलं तरी घरी येईपर्यंत मी ते वाक्य उलटसुलट करून बघायची.

मी तेव्हा हिंजवडीला एका कंपनीत होते. कंपन्यांच्या बसगाड्या नुकत्याच कोथरूडच्या कोपऱ्याकोपऱ्यावर थांबायला लागल्या होत्या. माझ्या वाट्याला एका परदेशी बँकेचं जुनं सॉफ्टवेअर सांभाळायचं काम होतं. त्यात इतक्या बारीकसारीक गोष्टी लक्षात ठेवायला लागायच्या की मी त्या एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायला लागले. रंग नाहीत, चौकटी नाहीत, नुसती अक्षरं. एक मुद्दा, त्याखाली आत सरकवून त्याचे उपमुद्दे, त्यांच्याखाली आणखी आत त्यांचे. ज्या मुद्द्याचं आज काम नाही त्याची घडी घालून ठेवायची, म्हणजे फक्त वरची ओळ दिसते. हव्या त्या ओळीच्या शेवटी दोन कोलनच्या मध्ये एखादा शब्द टाकायचा. ती त्या ओळीची खूण, ज्याला ऑफिसात आम्ही टॅग म्हणायचो. मग कधीही तो शब्द मागितला की फाइलीत कुठेही दडलेल्या त्या खुणेच्या सगळ्या ओळी एकत्र समोर येतात.

मला त्यातलं सगळ्यात काय आवडलं असेल, तर एका ओळीला कितीही खुणा चालायच्या. कपाटात कागद ठेवायचा तर तो कुठल्यातरी एकाच कप्प्यात जातो. इथे तसं नव्हतं. तीच ओळ 'उद्या'मध्येही असायची, 'बँक'मध्येही आणि 'कंटाळा'मध्येही. हो, 'कंटाळा' अशी माझी एक खूण होती. ज्या दिवशी डोकं चालत नसेल त्या दिवशी करायची कामं तिच्यात होती. आमच्या टीम लीडला हे पसंत नव्हतं. त्याला खुणांची ठरलेली, मंजूर झालेली यादी हवी होती. मी त्याच्यापुरती यादी दिली आणि माझ्या फाइलीत मनाला येईल तसं चालू ठेवलं. नवी खूण लागली की बनवायची, दोन खुणा एकाच अर्थाच्या वाटायला लागल्या की एक करायची, काम संपलं की पुसायची. खुणा मराठीच असायच्या, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या, कारण साध्या फाइलीत देवनागरी टाइप केलं की नुसते चौकोन उमटायचे.

त्यातली एक खूण होती 'शंका'. माझ्या लेखी तिचा अर्थ साधा होता. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, कोणीतरी सांगितलंय, तपासल्याशिवाय खरं धरायचं नाही. तपासलं की ती पुसून टाकायची.

सोसायटीचे आधीचे सेक्रेटरी मुलाकडे राहायला गेले आणि चेअरमन आमच्या दारात आले. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी मऊ.

"वहिनी, तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे," ते म्हणाले.

"आहे."

"मग झालं तर."

अशी माझी निवड झाली. मी हो म्हटलं त्याला कारण होतं. मला वाटलं, जी बाई सगळ्यांची गाऱ्हाणी ऐकून घेते तिला कोणी काही विचारत बसणार नाही.

मी सोसायटीचंही सगळं तशाच एका फाइलीत मांडलं. टाकी, पंप, गच्ची, पार्किंग, भिंती. ओळींच्या शेवटी खुणा पडत गेल्या: 'पाणी', 'गळती', 'प्लंबर', 'विचारा', 'वाद'. प्लंबर आला की 'प्लंबर' मागायचं आणि तो जायच्या आत त्याची सगळी कामं त्याच्याकडून उरकून घ्यायची. थोड्याच दिवसांत लोक म्हणायला लागले की नवीन सेक्रेटरी काही विसरत नाहीत. ते कौतुक होतं की तक्रार, ते मला ठरवता आलं नाही.

त्या उन्हाळ्यात पाणी कमी यायला लागलं. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी मला जिन्यात गाठलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तळमजल्यावरच्या बाई पाणी यायच्या वेळी नळाला मोटार लावतात. आपली टाकी भरणार कशी?"

"तुम्ही पाहिलीत?"

"पाहायला कशाला हवी? आवाज येतो."

तळमजल्यावरच्या बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. एकट्या राहायच्या. सगळे त्यांना बाईच म्हणायचे, त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेलेसुद्धा. मी घरी येऊन पाण्याच्या मुद्द्याखाली एक ओळ लिहिली, "तळमजला, मोटार", आणि तिला दोन खुणा लावल्या, 'पाणी' आणि 'शंका'. कारण ती ऐकीव गोष्ट होती.

मीटिंगसाठी चेअरमननी पाण्यासंबंधीच्या नोंदी छापून मागितल्या. मी दिल्या. खुणा छापायच्या नसतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या नजरेला त्या इतक्या सरावल्या होत्या की मला त्या दिसायच्या बंद झाल्या होत्या. चेअरमननी उत्साहाच्या भरात तो कागद लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर टाचून टाकला.

संध्याकाळी ऑफिसातून आले तर बोर्डापाशी घोळका. कोणीतरी मोठ्याने वाचत होतं, "तळमजला, मोटार, शंख."

"शंख नाही, शंका," दुसरा म्हणाला.

मी कागद काढून घरी पोचते तोच बेल वाजली. बाई होत्या.

"आमच्यापुढे शंका असं लिहिलंय म्हणे."

मी त्यांना आत बोलावलं. त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. मी समजावलं की ती शंका तुमच्यावर नाही, माझ्या नोंदीवर आहे. मला कोणीतरी सांगितलं, मी तपासलं नाही, म्हणून ती खूण.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे शंका तुमच्याबद्दल आहे."

"एका अर्थी हो."

"मग तसं लिहायचं. वाक्याला कर्ता असतो." मग म्हणाल्या, "चला."

"कुठे?"

"मोटार बघायला."

मी गेले. त्यांनी स्वयंपाकघरातल्या ओट्याखालचं दार उघडलं. आत एक बादली, धुण्याची पावडर आणि जुनी रद्दी. मोरीत नळ होता आणि त्याला साधी रबरी नळी. आवाज म्हणाल तर त्यांचा मिक्सर जुना होता आणि त्या रोज सकाळी चटणी वाटायच्या. मी वर येऊन ती ओळच काढून टाकली. दुसऱ्या दिवशी बोर्डावर हाताने लिहून लावलं की तळमजल्यावर मोटार नाही, मी स्वतः पाहिलं आहे. तो कागद वाचायला घोळका वगैरे जमला नाही.

पण फाइलीची बातमी बिल्डिंगभर झाली होती. माझ्याकडे सगळ्यांबद्दल काहीतरी लिहिलेलं आहे आणि प्रत्येकापुढे एक गुप्त शब्द आहे, असा समज पसरला. लोक यायला लागले. कोणी वाटी परत करायच्या निमित्ताने, कोणी पार्किंगचं विचारायला. दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलून झालं की, "आमच्यापुढे काय लिहिलंय हो?"

मी कॉम्प्युटर लावून दाखवायची. त्यांच्या फ्लॅटचा नंबर शोधायची. निघायचं एवढंच, की खिडकीतून पाऊस आत येतो, किंवा मीटरच्या पेटीचं दार लागत नाही. त्यांचं समाधान व्हायचं नाही. दुसऱ्या मजल्यावरचे तेच गृहस्थ पडद्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, "हे दाखवायचं झालं. खरं वेगळं असेल."

"दुसरं काही नाही हो."

"असू दे, असू दे. ठेवायलाच पाहिजे."

काही जण तर दुसऱ्यांबद्दल सांगायला आले. समोरच्या काकूंनी मला सांगितलं की वरच्यांच्या मुलीवर लक्ष ठेवा. मी विचारलं, कशासाठी? त्या म्हणाल्या, "तुमच्या त्याच्यात नुसतं लिहून ठेवा. पुढे कधीतरी लागेल." मी मान हलवली आणि काहीच लिहिलं नाही. पण त्या रात्रीपासून एक प्रश्न माझ्या डोक्यात बसला. या काकू माझ्याकडे येऊन दुसऱ्यांबद्दल असं बोलतात, तर दुसऱ्यांकडे जाऊन माझ्याबद्दल काय बोलत असतील?

एका रविवारी चेअरमननी मला घरी बोलावलं. त्यांच्या पत्नीने चहा आणला. मी कपाकडे पाहिलं. त्यांच्या हातातल्या कपासारखाच होता, त्याच संचातला. पाहिल्यावर मला स्वतःचा राग आला, पण पाहिलं खरं.

"वहिनी, ते तुमचं तंत्र झकास आहे," ते म्हणाले. "म्हणजे एक शब्द मागितला की त्या शब्दाचे सगळे हजर?"

"सगळ्या ओळी, हो."

"मग भाडेकरूंचंही करून टाका. कोण कॉलेजवाले, कोण नोकरीवाले, कोण एकटे. आपल्याला चटकन बघता आलं पाहिजे."

"भाडेकरू अशी खूण आहेच."

"ती झाली. पण आता हे बघा." त्यांनी एक अर्ज पुढे सरकवला. दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट रिकामा होता, मालक अमेरिकेत. मालकाच्या भावाने भाडेकरू शोधले होते आणि सोसायटीची ना हरकत मागितली होती. नवरा-बायको, दोघंही हिंजवडीला नोकरीला, नागपूरकडचे.

मी आडनाव वाचलं. ते मात्र आमच्यासारखं नव्हतं. त्यावरून लगेच कळत होतं.

"चांगली असतील माणसं," मी म्हणाले.

"असतील ना. नाही कोण म्हणतंय? पण आपल्याकडे माहिती पाहिजे. तुम्ही एक करा, त्यांच्यापुढे एक अक्षर टाका. पूर्ण शब्द नको, उद्या कोणी छापून बिपून घेतलं तर उगाच बोभाटा. एकच अक्षर. तुम्हाला कळलं, मला कळलं, झालं."

"कशाचं अक्षर?"

ते हसले. "अहो वहिनी, ते का तुम्हाला सांगायला हवं?"

मी चहा संपवला, अर्ज घेतला आणि घरी आले. जिना चढताना ते एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. त्याचे दोन अर्थ निघत होते. तुम्ही आमच्यातल्या, म्हणून तुम्हाला सांगायला नको. किंवा, तुम्ही त्यांच्यातल्या, म्हणून तुम्हाला सांगायला नको. त्यांचा चेहरा मी आठवून बघितला. दोन्ही अर्थांना तोच चेहरा चालला असता.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो कणीक मळत होता. "तिथल्या तिथे विचारायचं होतंस."

"काय विचारू? मी तुम्हाला कोण वाटते, असं?"

"हो, असंच."

"आणि त्यांना माहीत नसलं तर?"

"तर झालं असतं माहीत. किती दिवस चालवणार आहेस हे?" त्याने हात धुतले. "माझं ऐकशील तर उद्या सेक्रेटरीपद सोड. कोणालाही अक्षरं टाकू दे."

ते मला पटेना. मी सोडलं असतं तर माझ्या जागी जो आला असता त्याने ते अक्षर निमूटपणे टाकलं असतं. माझ्या फाइलीतच टाकलं असतं, माझ्याच पद्धतीने. रात्री जेवण झाल्यावर मी फाइल उघडून वरपासून खालपर्यंत वाचली. खुणा मी कामांना लावल्या होत्या, असा माझा समज होता. तो बऱ्यापैकी खरा होता. पण 'हट्टी' ही खूण, जी मी सुरू न होणाऱ्या पंपासाठी बनवली होती, ती तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांपुढेही होती. कधी लावली ते आठवत नव्हतं. आजोबा हट्टी होते यात वाद नाही. पण पंपाला ते वाचता येत नाही आणि पंप दुरुस्त झाला की मी खूण पुसते. आजोबांची कधी पुसली असती? मी माणसांपुढच्या सगळ्या खुणा काढल्या. मग नव्या भाडेकरूंची ओळ लिहिली आणि तिला 'भाडेकरू' एवढी एकच खूण लावली.

मीटिंग नेहमीसारखी पार्किंगमध्ये झाली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून. ना हरकतीचा विषय आला तेव्हा चेअरमन म्हणाले, "सेक्रेटरींनी नोंद केली असेलच."

"केली आहे. नवरा-बायको, दोघांना नोकरी, एक स्कूटर."

ते माझ्याकडे किंचित वाकले. "आणि ते आपलं ठरलेलं?"

मी हे आधी ठरवून ठेवलेलं नव्हतं. पण त्यांनी आवाज खाली आणला आणि माझा आपोआप वर गेला.

"काका, अक्षर टाकायचं असेल तर सगळ्यांपुढे टाकू. माझ्यापासून सुरुवात करते. आम्ही बौद्ध आहोत. कुठलं अक्षर लिहू ते सांगा."

कोणीतरी खुर्ची मागे सरकवली. समोरच्या काकू पदर नीट करायला लागल्या. मी चेअरमनच्या तोंडाकडे बघत होते. मला तिथे दचकणं दिसेल असं वाटलं होतं. राग तरी. तसलं काहीच दिसलं नाही. ते समजूत घातल्यासारखे हसले.

"अहो वहिनी, ते आम्हाला पहिल्यापासून माहीत आहे."

"कसं?"

"बिल्डरनेच सांगितलं होतं, तुम्ही यायच्या आधी. आम्ही कधी काही बोललो का? कधी काही कमी केलं? तुमचं वेगळं आहे. तुम्ही आमच्यातल्याच आहात."

कोणाच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. समोरच्या काकूंच्याही नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. इतकी वर्षं मी जे जपत होते ते मी सोडून सगळ्यांच्या घरात उघडं पडलेलं होतं. आणि मग त्याहून वाईट गोष्ट माझ्या लक्षात आली. माहीत होतं, तर ते सगळे प्रश्न कशासाठी होते? कुलदैवत, गौरी, वास्तुशांत? उत्तर त्यांना हवंच नव्हतं. मी काय उत्तर देते ते त्यांना बघायचं होतं.

तेवढ्यात बाई बोलल्या. त्या मीटिंगला कधी बोलायच्या नाहीत.

"चेअरमनसाहेब, या आमच्यातल्या, हे ठरलं. ते येणारे कोणातले?"

"बाई, तो मुद्दा नाही."

"माझ्यापुढची शंका तुम्ही बोर्डावर लावलीत. अख्ख्या बिल्डिंगने वाचली. घरात येऊन बघितलं ते या एकट्यांनी. आता त्या म्हणतायत नोंद नीट आहे, तर ती नीट आहे. सह्या करा. मला पाणी भरायचंय."

चेअरमन म्हणाले, "आमची हरकत होतीच कुठे?" आणि सगळ्यांत आधी सही केली. त्यांच्यामागून बाकीच्यांनीही केल्या. पाच मिनिटांत विषय असा मिटला की काही घडलंच नव्हतं. त्या संध्याकाळी नेमकं काय घडलं असं मला कोणी विचारलं असतं, तर मला ते सिद्ध करता आलं नसतं. कोणी वावगं बोललं नव्हतं. फक्त एक अक्षर मागितलं होतं, आणि तेही नुसतं माहितीसाठी.

नवं जोडपं राहायला आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी भाडेकरूंनी भरायच्या माहितीच्या अर्जावर त्यांची सही घ्यायला गेले. दार अर्धवट उघडं होतं. आतून ती मुलगी फोनवर बोलताना ऐकू आली, "हो आई, सामान लावून राहिलो आम्ही." 'लावून राहिलो' ऐकलं आणि मी दारातच थांबले. माझे वडील शेवटपर्यंत असंच बोलायचे. ती बाहेर आली आणि माझ्या हातातला कागद बघून तिचा आवाज बदलला, स्वच्छ, पुस्तकी झाला.

"येस मॅडम?"

"मी सेक्रेटरी. एक सही हवी होती."

तिने अर्ज उभ्या उभ्याच वाचला, दोन्ही बाजूंनी. मला आत या म्हणाली नाही. "मूळ गाव कशाला लागतं?"

"लागत नाही. तो रकाना मोकळा सोडा."

तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला चांगली ओळखीची होती, रोज आरशात बघितलेली. मला म्हणायचं होतं, आम्हीही तिकडचेच. वाक्य तोंडाशी आलं होतं. पण ते तिला कसं ऐकू गेलं असतं? सोसायटीची सेक्रेटरी पहिल्याच भेटीत दारात उभी राहून गावाची चौकशी करते, असंच. मी म्हणाले, "मोरीतला नळ गळतो तुमच्या. प्लंबर शनिवारी येईल." तिने सही केली आणि दार लावून घेतलं.

नंतर काही महिने आमचं बोलणं नळ आणि कचऱ्याच्या बादलीपलीकडे गेलं नाही. मी जिन्यात थांबले तर ती भराभर उतरायची. मला कळायचं, आणि तरी वाईट वाटायचं.

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी मी पांढरी साडी नेसून घराबाहेर पडले. आम्ही खडकीला, आईकडच्या विहारात जायचो. इतर वर्षी मी उन्हाचं निमित्त करून त्या साडीवर एखादी रंगीत ओढणी घेऊन जिना उतरायची, या वर्षी घेतली नाही. खालच्या वळणावर तीही उतरत होती. पांढरी साडी, शेजारी पांढऱ्या शर्टातला नवरा. ती आधी माझ्या साडीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"तुम्हीपण?"

"हो."

"मग त्या दिवशी बोलल्या का नाहीत?" तिचा आवाज चढला होता. "मला वाटलं, तुम्ही तपासायला आल्या."

"सांगितलं असतं तर विश्वास ठेवला असतास?"

ती विचार करून म्हणाली, "नसता."

माझ्या नवऱ्याने खाली रिक्षा थांबवली होती. त्याने आमच्या दोघींकडे बघितलं आणि आपण होऊन तिच्या नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसला. आम्ही दोघी रिक्षात. ती बाहेरच बघत होती. युनिव्हर्सिटीचा चौक गेल्यावर एकदम माझ्याकडे वळली.

"ती फाइल आहे म्हणतात तुमची. आमच्यापुढे काय आहे त्यात?"

"नळ गळतो, एवढंच."

"खरंच?"

"येऊन बघ."

ती खरोखर आली, पुढच्याच रविवारी. तीही याच कामातली, तिला काही समजवावं लागलं नाही. मी खुर्ची दिली तशी सरळ कीबोर्ड पुढे ओढून बसली. आधी फ्लॅटचा नंबर शोधला. मग आडनाव, एका स्पेलिंगने. मग त्याच आडनावाचं दुसरं स्पेलिंग. मग नवऱ्याचं नाव. नळाची ओळ तेवढी निघाली. "हा तर केव्हाच दुरुस्त झाला," ती म्हणाली आणि 'गळती' ही खूण तिने स्वतःच पुसली. तिच्या जागी मीही तसंच केलं असतं, कदाचित तिसरं स्पेलिंगही लावून बघितलं असतं.

पुढच्या वर्षी बाई सेक्रेटरी झाल्या. त्यांना मी सगळं छापून दिलं, खुणा वगळून, आणि त्यांनी ते एका पुठ्ठ्याच्या फाइलीत लावलं. चेअरमन आजही भेटले की आपुलकीने चौकशी करतात. पाहुण्यांना सांगतात, या आमच्या वहिनी. ते ऐकलं की माझं लक्ष अजूनही 'आमच्या' या शब्दावर अडतं.

त्या जोडप्याने दोनेक वर्षांनी पिंपरीकडे स्वतःचा फ्लॅट बघायला सुरुवात केली. पहिली जागा बघायला जाताना तिने मला बरोबर नेलं. बिल्डरच्या ऑफिसची काच ढकलायच्या आधी तिने माझा दंड धरला.

"ताई, बोला तुम्ही," ती म्हणाली. "मी फक्त त्याच्या तोंडाकडे बघते."